सगळ्यांची बाटली

३ जानेवारी

बोट सकाळी धक्क्याला लागली आणि जेवणाच्या आत मला नोकरी मिळाली. माझ्या जन्मात असं झालेलं नाही. कलिंगडांच्या बोटीवरून उतरलो, धक्क्यावर गरमागरम चिपा घेतला, बडीशेपेच्या वासाचा पाव, बाहेरून खुसखुशीत, आत चीज. विकणाऱ्या बाईलाच विचारलं, मावशी, या गावात काम कुठं मिळेल? म्हणाली, दवाखान्यात जा, तिथं माणसं टिकत नाहीत. मी विचारलं, कुठली, कामावरची की खाटेवरची? ती हसली. मीही हसलो.

पुएर्तो सान एलादियो म्हणजे नदीकाठच्या तीन गल्ल्या, एक चर्च आणि फुटबॉलचं मैदान, त्यात गायी. दवाखाना टेकाडावर. आवारात आंब्याची झाडं आहेत आणि आंबे खायला कुणाला वेळ नाही, पडून सडतात. चपलेला लागलेला रस अजून गेला नाही. बोटीच्या आधी मी जत्रेतल्या पाळण्यावर होतो, तिथंही असाच वास असायचा, पण तो ओकाऱ्यांचा. असो.

लांब वॉर्डाची मुख्य नर्स डोन्या रुमिल्दा. कमरेवर हात, आवाज असा की कोंबड्या पळाव्यात. तिनं माझी शाळा विचारली नाही, कागद विचारले नाहीत. विचारलं, तेरेरे पितोस का? म्हटलं, कुणाच्याही हातचं पितो. झाली मुलाखत. लगेच व्हरांड्यात बसवलं. शिंगाचा पेला, त्यात येर्बाचा पाला, वरून बर्फाचं पाणी, आणि एकच धातूची नळी सगळ्यांच्या तोंडात फिरते. झाडूवाला, नर्सा, पेशंटचे नातेवाईक, सगळे एका गोलात. मी चार फेऱ्या प्यालो, मग 'ग्रासियास', म्हणजे आभार, म्हणून पेला परत दिला. पुरे झाल्याशिवाय ग्रासियास म्हणायचं नसतं. पहिल्याच फेरीला म्हणणारा माणूस गावाच्या मनातून उतरतो. डोन्या रुमिल्दा सगळ्यांना म्हणाली, पोरगं घरचं आहे.

धोबीखोलीच्या मागं राहायला खोली दिली. खाट आहे, खिडकी आहे. आणखी काय पाहिजे.

७ जानेवारी

काम सोपं. पुसायचं, स्ट्रेचर ढकलायचं, बर्फ आणायचा. आणि डोन्या रुमिल्दामागून बाटली घेऊन चालायचं.

बाटलीचं सांगतो. वॉर्डात निम्मे लोक किडनी गेलेले, नळीवाले. कुणाच्या मानेत नळी, कुणाच्या छातीत. मशीनवर रक्त धुऊन झालं की नळी सलाईननं धुवायची, नाहीतर आत रक्त गोठतं. खिडकीच्या खिळ्याला एक मोठी बाटली टांगलेली असते, तिच्या बुचात एक सुई कायमची खुपसलेली. डोन्या रुमिल्दा सिरिंजमध्ये पाणी ओढते, पेशंटच्या नळीला लावते, आधी जरासं रक्त मागं ओढून बघते, मग ढकलते. कमी पडलं तर पुन्हा बाटलीतून घेते. मग पुढची खाट. सिरिंज तीच, सुईचं टोक तेवढं दरवेळी नवं. मी खिळ्यावरून काढलेली बाटली धरून मागं मागं. पाद्र्यामागून वाइनचा चंबू धरून चालणाऱ्यासारखं वाटतं. खोटं कशाला लिहू, छाती फुगते.

सगळ्यात जास्त गप्पा दिग्नाशी. तिशीतली बाई, नदीच्या वरच्या अंगाला गाव, जाणं-येणं जमत नाही म्हणून इथंच मुक्काम. मानेतून नळी निघून छातीवर पट्टीखाली दडते. तिचा भाऊ इसाबेलिनो तिला एक किडनी देणार. वीस फेब्रुवारीला राजधानीतून गाडी येणार दोघांना न्यायला. अट एकच, तोवर ताप यायला नको. ताप आला तर ऑपरेशन नाही, आणि पुन्हा नंबर कधी लागेल ते देव जाणे. दिग्ना हे असं सांगते जशी बस चुकेल. इसाबेलिनोसाठी पांढऱ्या सदऱ्यावर भरतकाम करते. मला म्हणाली, उंडग्या, तुझी बाही धर इकडं, माप घेते, तो येडा तुझ्याएवढाच आहे.

स्वतःच्या ताटातला चिपा मोडून आजूबाजूच्या तीन खाटांना दिल्याशिवाय खात नाही. मी म्हटलं, तुला काय उरणार? म्हणाली, एकटीनं खाल्लेलं अंगी लागतं का?

१२ जानेवारी

नवी डॉक्टर आली. डॉक्टर इन्सफ्रान, राजधानीची, बारीक, चष्मेवाली. व्हरांड्यात पेला पुढं केला तर नको म्हणाली. पिशवीतून स्वतःचा थर्मास काढला, स्वतःचा पेला, आणि उभी राहून एकटीच प्याली! सगळा गोल बघत राहिला. डोन्या रुमिल्दा म्हणाली, बाईसाहेबांना आमच्या थुंकीची शिसारी दिसते.

मग बाईनं बाटली पाहिली. आरडाओरडा केला नाही, तो केला असता तर बरं होतं. शांतपणे समजावलं. मागं ओढलेलं थोडं रक्त सिरिंजमध्ये राहतं, तिथून बाटलीत जातं, बाटलीतून पुढच्या माणसात. जंतू नळीच्या आतल्या भिंतीला शेवाळासारखा धरतो, मग औषधानं निघत नाही. प्रत्येकाची बाटली वेगळी पाहिजे, सिरिंज वेगळी पाहिजे.

डोन्या रुमिल्दा म्हणाली, डॉक्टरबाई, हा वॉर्ड एक घर आहे, घरात कुणी स्वतःचा माठ वेगळा ठेवतं का? सगळे हसले. खाटेवरचे पण. सगळ्यात मोठ्यानं मी.

१७ जानेवारी

ऊन चाळिशीच्या वर. कुत्रं वॉर्डात येऊन फरशीवर पोट टेकून पडतं, त्याला मी हाकलत नाही.

डॉन तासियानो म्हणून म्हातारे आहेत, जन्मभर तराफा चालवला. मासे पकडायच्या थापा मारण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. आज त्यांची नळी धुतली, जेवणं झाली, सगळा दवाखाना सिएस्ताला, दुपारच्या झोपेला, आडवा झाला. मी पण दारात टेकलो होतो. तर डॉन तासियानो म्हणाले, माझा पोंचो आणा.

मला वाटलं थट्टा. असल्या उकाड्यात लोकरीचा पोंचो! मी म्हटलं, डॉन तासियानो, शेगडी पण आणू का? मग त्यांचे दात वाजायला लागले. तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. डब्यात सुटे खिळे घालून डबा हलवावा तसा. खाट हलत होती, खाटेनं भिंत वाजत होती. आम्ही पोंचो घातला, वर दोन गोधड्या टाकल्या, आणि घामानं भिजलेला तो माणूस गारठून मेल्यासारखा थडथडत राहिला.

शेजारची म्हातारी म्हणाली, सिएस्ताच्या वेळी जासी जातेरे, रानातलं भूत, फिरतो, त्यानं शीळ घातली असणार. तो तर पोरं पळवतो, म्हाताऱ्याला नेऊन काय करेल, असं मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

२२ जानेवारी

डॉन तासियानो काल गेले. एकामागून एक अँटिबायोटिक दिलं, ताप हटला नाही. त्यांचं रक्त तपासायला पाठवलं होतं, त्या राजधानीच्या लॅबमधून फोन आला, डॉक्टर इन्सफ्राननं आम्हाला उभं करून सांगितलं. होती ती सगळी औषधं त्या जंतूवर घालून बघितली, एकानंही मरत नाही. मी विचारलं, असं कसं? म्हणाली, इथं शिंक आली तरी जबर गोळ्या देतात, त्याही अर्ध्या. जंतू सगळ्या ओळखून बसलाय. एक औषध कदाचित चालेल, ते आपल्याकडं नाही.

आज सिएस्ताला आणखी दोन खाटांवर दात वाजले. दोघांच्याही नळ्या डॉन तासियानोनंतर धुतल्या होत्या. बाटली माझ्याच हातात होती.

पाणी उजेडात धरून बघितलं. नितळ. काहीसुद्धा नाही त्यात.

२९ जानेवारी

डॉक्टरबाईनं कुठून तरी लहान बाटल्यांची खोकी आणली. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. मोठी बाटली तिनं स्वतः खिळ्यावरून काढून मोरीत ओतली. तेव्हापासून सिएस्ता शांत आहे. कुणी पोंचो मागितला नाही. एवढी शांतता की आंबा पडला तरी दचकायला होतं.

मी डॉक्टरबाईला मदत केली, नावं चिकटवली. त्याचं फळ मिळालं. संध्याकाळी गोलात बसलो तर पेला माझ्या पुढून गेला. चुकून असेल म्हणून गप्प बसलो. पुन्हा गेला. ओतणारा माझ्याकडं बघतही नाही. डोन्या रुमिल्दा आभाळाकडं बघत म्हणाली, डॉक्टरणीनं कुत्रं पाळलंय, त्याला तिनंच पाजावं. डॉन तासियानोला आम्हीच मारलं, असं म्हणायचंय ना तुला? तीस वर्षं मी या हातांनी...

तिचे डोळे भरले होते आणि ती माझ्याकडं असं बघत होती की मी उठलो.

खाटेवर कुणीतरी बादलीभर पाणी ओतून ठेवलंय. फरशीवर झोपतो.

५ फेब्रुवारी

डेंग्यू आला. गावात, वरच्या गावात, सगळीकडं. खाटा संपल्या, व्हरांड्यात गाद्या. प्रत्येकाच्या दंडात नळी, प्रत्येकाला सलाईन. डॉक्टर इन्सफ्रानला खालच्या गावी बोलावून घेतलं, तिकडं डॉक्टरच नाही. जाताना मला म्हणाली, लहान बाटल्या थोड्याच उरल्यात, दिग्नाच्या राखून ठेव, गाडी येईपर्यंत तिला ताप यायला नको, काहीही झालं तरी.

मी त्या दिग्नाच्या गादीखाली दडवल्या.

आज खिडकीच्या खिळ्याला मोठी बाटली परत लागली. बुचात सुई.

मी डोन्या रुमिल्दाला म्हटलं, असं नका करू. ती म्हणाली, मग तू आण बाटल्या, जा, आण. वॉर्डात इतकी माणसं, नर्सा दोन. आणि मग हळू म्हणाली, बाजूला हो, नाहीतर टेकाडावरून खाली जाशील.

९ फेब्रुवारी

तीन खाटांवर दात. एकाचे दुपारी थांबले. थांबले म्हणजे—

दिग्ना ठीक. कपाळाला हात लावून बघतो, ती हात झटकते. सदऱ्याची कॉलर तेवढी राहिलीय. शेजारच्या खाटेवर नवी आलीय, सुनिल्दा, विशीतली, तिच्याही मानेत नळी. तिची मोठ्या बाटलीतनं धुतात. ती आमच्या लहान बाटलीकडं बघत असते. दिग्नानं मान फिरवली. मी म्हटलं, बरं केलंस.

ती म्हणाली, बरं कसलं, उंडग्या. घास घशाखाली जात नाही.

१३ फेब्रुवारी

अंग मोडून येतंय. डोळ्यांच्या मागं कुणी अंगठे रोवल्यासारखं. दारात पडलो. उठवायला कुणी आलं नाही बराच वेळ, मग कुत्रं आलं.

डेंग्यू. मला लांब वॉर्डात टाकलं, दिग्नाच्या पलीकडची खाट, डॉन तासियानोची. भिंतीवर त्यांच्या खाटेचे ओरखडे आहेत. दंडात नळी बसवली. मी नको म्हटलं. दोघांनी धरलं.

एक लहान बाटली दिग्नानं मला दिली. तिच्यातली. नको म्हटलं तरी दिली. माझ्यासाठी घेतली, हे लिहून ठेवतो.

१६ फेब्रुवारी

हिरड्यांतून रक्त. पाळणा फिरतोय, जत्रेतला. वर गेला की नदी दिसते.

सिएस्ताला सुनिल्दा थडथडली. सगळे आपापल्या खाटेवर डोळे मिटून पडले होते, झोपलं कुणीच नव्हतं. खिळ्यांचा डबा. दिग्ना उठून तिच्याजवळ जाऊन बसली, हात धरला. मी हाका मारल्या. ती तिथंच बसून राहिली.

१८ फेब्रुवारी

बघितलं. स्वप्न नव्हतं.

दिग्नाची एकच बाटली उरलीय, निम्मी. डोन्या रुमिल्दा मोठी बाटली घेऊन सुनिल्दाजवळ आली. दिग्ना म्हणाली, थांबा, तिला त्यातलं नको, माझ्यातलं द्या. आणि दिली. डोन्या रुमिल्दानं पाणी ओढलं, सुनिल्दाच्या नळीला लावलं, मागं ओढलं, सिरिंजमध्ये लाल धागा दिसला, ढकललं. पुरलं नाही. पुन्हा दिग्नाच्या बाटलीत.

तीच सिरिंज. दिग्नाच्या बाटलीत.

मग बाटली खिडकीत ठेवली, उन्हात, दिग्नाच्या नावाची पट्टी आपल्याकडं करून, नीट.

मी ओरडलो. फेकून दे ती. दिग्ना म्हणाली, ती पोरगी मरतेय माझ्या शेजारी आणि मी बाटली लपवून बसू? कुठल्या तोंडानं जाऊ राजधानीला? माझी बाटली आहे, जंतू तर त्यांच्या बाटलीत होता ना.

तिला वाटतं ती बाटली चांगली आहे म्हणून चांगलीच राहील.

उठलो, खिडकीपर्यंत गेलो. पडलो. बाटलीला हात लागला होता. बोटं लागली होती. डोन्या रुमिल्दा म्हणाली, तापात बरळतोय, नळी उपसून काढेल. डावा हात खाटेच्या दांड्याला बांधला. पट्टीनं, घट्ट नाही, प्रेमानं.

उजवा मोकळा आहे.

१९ फेब्रुवारी, सकाळ

इसाबेलिनो आला. नवा सदरा घातलाय, बाही बरोबर बसली. गाडी उद्या. दोघं हसताहेत.

मशीन झालं. दिग्नाची नळी धुतली. तिच्या बाटलीतनं.

इसाबेलिनोला म्हटलं, थांबव, ते पाणी— तो म्हणाला, झोप, भाऊ, तुझ्यासाठी राजधानीतून काय आणू?

जेवणानंतर

डोन्या रुमिल्दा माझ्या खाटेशी. हातात सिरिंज. म्हणाली, तुझी संपली ना, दिग्नानं तिच्यातलं पाठवलंय. बघ, तुझा जीव आहे तिच्यावर.

ग्रासियास म्हटलं. पुरे. ग्रासियास. ग्रासियास.

ती हसली. किती दिवसांनी हसली माझ्याकडं बघून. म्हणाली, हा तेरेरे आहे का लेका, नाही म्हणायला? आणि कपाळावरून हात फिरवला.

दंडात गार. खांद्यापर्यंत गार.

सिएस्ता

कुत्रं उठून बाहेर गेलं.

शांत आहे. अजून शांत आहे. एवढा वेळ झाला म्हणजे कदाचित—

दिग्ना म्हणाली, इसाबेलिनो, तो पोंचो दे रे.

तो हसतोय. त्याला थट्टा वाटली. शेगडी पण आणू का, म्हणतोय—

दे ना, म्हणते. उद्या गाडी आहे, म्हणते, काही नाही, जरा गार—

वाजताहेत. खिळे. दात—

नाही. दिग्नानं टॉवेल दातांत धरलाय, गच्च, भावाला कळू नये म्हणून. तिचा आवाज नाही येत. मग हे कुणाचे—

अक्षर हलतंय. भिंत वाज